नवरीच्या आईचं मंगलाष्टक

संस्कृतीचं लग्न ठरलं त्याच दिवशी चंद्राबाईनं सांगून टाकलं, की पोरीचं एक मंगलाष्टक मी स्वतः रचणार. हिंदुरावांनी मान डोलावली. नवऱ्याचा विरोध नाही म्हणून तिला बरं वाटलं. हिंदुराव त्या वेळी मंडपवाल्याशी फोनवर बोलत होते आणि मान त्याला डोलावली होती, हे तिला नंतर कळलं.

कळंबला यांचं दोन एकर माळवं. भेंडी, दोडकी, कारली. चंद्राबाई शिकलेली सातवी, पण भजनी मंडळात तिचा गळा नावाजलेला. दर सराईत पंधरा-वीस लग्नं ऐकून मंगलाष्टकाची चाल तिच्या अंगात मुरली होती. चाल तयार होती, शब्द तेवढे घालायचे होते.

पहाटे भेंडी तोडताना ती शब्द घालायची. अंगात नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, हाताला फडकं, आणि तोंडानं गुणी, सुशील, शालीन, दोन्ही कुळं उजळणारी. चार दिवसांत पहिलं कडवं झालं. तिनं ते भेंडीच्या सऱ्यांना मोठ्यानं म्हणून दाखवलं आणि शेवटच्या सरीपाशी थांबली. हे कडवं नणंदेच्या, भामाबाईच्या पोरीलाही चाललं असतं. भामाबाईची पोरगी गेल्या वर्षी सासूचा मोबाइल विहिरीत टाकून माघारी आली होती. तीही या कडव्यात गुणी, सुशील आणि शालीनच बसत होती. अगदी मापात.

दुसरं कडवं केलं. ते गावातल्या कुठल्याही पोरीला चाललं असतं. तिसरं केलं, ते तालुक्याला पुरलं असतं.

सुचत नाही म्हणून बाया रडतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी चंद्राबाईला बघायला हवं होतं. ती चिडली. भेंडीवर चिडली, शर्टावर चिडली, 'सौख्य' या शब्दावर तर इतकी, की तो पुन्हा घरात उच्चारायचा नाही असं तिनं बजावलं. बारामतीला रोपवाटिकेत नोकरी करणारी संस्कृती संध्याकाळी घरी आली, की आईचं तोंड बघून चहा स्वतःच टाकायची.

"आई, नको ना एवढं डोक्यात घेऊ. मोबाइलवर तयार मिळत्यात. नाव टाकलं की झालं."

"नाव टाकलं की झालं? तू काय सातबारा हायस?"

"अगं, ऐकतंय कोण? लोकांचं लक्ष अक्षता फेकण्यात असतंय."

"तू ऐकशील का न्हाय?"

संस्कृतीनं चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. चंद्राबाईला हवं होतं ते एवढंच. वीस-बावीस वर्षांत पोरीला 'जेवलीस का' आणि 'उशीर झाला' याखेरीज फारसं काही सांगायचं राहूनच गेलं होतं. जाताना एकदा तरी, चार माणसांत, दुसऱ्या कुणाला लागू पडणार नाही असं काही तिच्या कानावर घालायचं होतं. तेवढ्या चार ओळी तिला जमत नव्हत्या.

शेवटी कंटाळून तिनं त्यातल्या त्यात बरं कडवं थोरल्या भावाला, झुंबरला, पाठवलं. झुंबर वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरात राहायचा. म्हणायचं त्यालाच होतं. तो मामा, नवरीच्या मागं उभा राहणार. चंद्राबाईला म्हणता येणार नव्हतं, कारण नवरीच्या आईनं लग्न लागताना समोर थांबायचं नसतं. तिनं माघारी तुळशीला पाणी घालत बसायचं. का, असं विचारलं की पद्धत आहे म्हणतात. आणि कारण विचारणारी बाई दिसली की आणखी एक पद्धत काढतात.

"झकास हाय चंद्रे," झुंबरचा फोन आला. "डोळ्यांत पाणी आलं."

"कुठल्या ओळीला?"

"सगळ्याच ओळींला."

"वाचलंस का?"

"आता वाचतो," झुंबर म्हणाला. तो मॅच बघत होता.

हिंदुरावांची निर्मिती मात्र जोरात चालली होती. त्यांनी पत्रिका रचली. पत्रिका उघडली की आधी पुढारी, मग संचालक, मग माजी संचालक, मग होऊ घातलेले संचालक. एकूण बेचाळीस नावं. चंद्राबाईचं नाव होतं, नाही असं नाही. सगळ्यात खाली, छापखान्याच्या फोन नंबरच्या जरा वर. या बेचाळिसांतला कळस म्हणजे सर्जेराव आबा. आबांकडं पूर्वी बरीच पदं होती. आता एकच राहिलं होतं, लग्नाला येण्याचं, आणि ते त्यांनी फार निष्ठेनं सांभाळलं होतं. सराईत दिवसाला पाच-पाच लग्नं.

"आबा आल्याबगर अक्षता पडायच्या न्हाईत," हिंदुरावांनी दोन्हीकडच्या मंडळींना सांगितलं.

"आणि मुहूर्त?" निमगाव केतकीचे व्याही म्हणाले.

"मुहूर्त काय, आपलाच हाय."

लग्न बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. मे महिना. मुहूर्त बारा पस्तीसचा. सव्वाबाराला नवरदेव राजवर्धन पाटावर उभा राहिला, सव्वीस मिनिटं चाललेल्या मेकअपसह संस्कृती उभी राहिली, मागं झुंबर उभा राहिला, खिशात कडवं. चंद्राबाईला भामाबाई मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथं संडासाच्या भिंतीला लागून, रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेली एक तुळस होती. तिच्या बरोब्बर वर लोखंडी खांबाला कर्णा बांधलेला. म्हणजे बघायचं नाही, पण ऐकायची सोय उत्तम.

चंद्राबाईनं तांब्यातून पहिली धार सोडली आणि कर्ण्यातून ज्ञानेशचा आवाज आला.

ज्ञानेश हा निवेदक. वाढदिवस, दशक्रिया, बैलगाडा शर्यत आणि लग्न, चारही तो एकाच आवाजात करतो. फक्त शेवटी 'चिरायू होवो' म्हणायचं की 'शांती लाभो' हे आधी विचारून घेतो.

"या मंगलप्रसंगी वधूवरांस शुभाशीर्वाद देण्यासाठी मी विनंती करतो..."

बारा पस्तीसला पहिले आशीर्वाद सुरू झाले. पहिले गृहस्थ कालव्याच्या आवर्तनावर बोलले. दुसरे उसाच्या टनेजवर. तिसऱ्यांनी लग्नात होणाऱ्या वायफळ दिरंगाईवर पाऊण तास कडक टीका केली आणि त्याबद्दल त्यांचा फेटा, शाल, श्रीफळ देऊन सत्कार झाला. चौथ्यांना बोलायचं नव्हतं, पण तिसऱ्यांना बोलू दिलं म्हणून ते बोलले. या सगळ्यात नवरा-नवरी पाटावर उभीच. कुणीतरी म्हणालं, पोरीला पाणी द्या. ज्ञानेशनं ते माइकवरून सांगितलं आणि पाणी देणाऱ्याचं नावही घेतलं.

चंद्राबाई पाणी घालत होती. पद्धत अशी की लग्न लागेपर्यंत धार थांबवायची नाही. दीड वाजता तुळशीचा डबा भरून वाहायला लागला. त्या तुळशीनं एवढं पाणी जन्मात बघितलं नसेल.

"वहिनी, जरा बारीक सोडा धार," भामाबाई म्हणाली. "मरंल ती."

"ती मरंल, मी मरंन, माझी पोरगी तिकडं हुभ्यानं मरंल. त्या मेल्यांचं बोलणं न्हाय मरायचं."

"असं शुभकार्यात बोलू नये."

"मग बोलायचं कुठं? संडासाच्या भिताडाला?"

"हळू. लोक ऐकतील."

"ऐकू दे की! सकाळपास्नं लोकांचंच ऐकतीय मी."

दोन वाजून दहा मिनिटांनी बाहेर फटाके वाजले. आबा आले. आबांचा सत्कार झाला, आबांच्या ड्रायव्हरचा सत्कार झाला. मग आबांनी कुर्त्याच्या खिशातून एक पत्रिका काढली, चष्मा लावला, तिच्यावरची नावं बघून घेतली आणि माइक हातात धरला.

"आज आपल्या चिरंजीव गोकुळ आणि सौभाग्यकांक्षिणी प्रांजलीचा विवाह..."

तुळशीपाशी धार थांबली.

"कोण प्रांजली?" चंद्राबाईनं विचारलं.

भामाबाईनं कान कर्ण्याकडं लावला.

"प्रांजलीला मी लहानपणापासून ओळखतो," कर्णा सांगत होता. "माझ्या अंगाखांद्यावर खेळलेली ही लेक. अतिशय गुणी, सुशील, शालीन. दोन्ही कुळं उजळणारी..."

यातला शब्दन्‌शब्द चंद्राबाईच्या ओळखीचा होता. आबांनी कडवं चोरलं नव्हतं, चोरण्यासारखं त्यात काही नव्हतंच. तीन महिने भेंडीच्या सरीत तिनं जे घासूनपुसून केलं होतं, ते आबा एका भलत्याच पोरीवर, चष्म्याच्या काचेतून, फुकट ओतत होते. आणि ते बसत होतं. तिला स्वतःचाही राग आला, तो यासाठी.

आता कुणीतरी उठेल. झुंबर तरी म्हणेल, आबा, नाव चुकलं. नाहीतर व्याही म्हणतील. निदान पोरीचा बाप.

आबांचं भाषण संपलं आणि टाळ्या पडल्या. धो धो पडल्या. सगळ्यांच्या थांबल्यावर एक टाळी उरली, सावकाश, जाड हाताची. हिंदुराव कुठल्याही सभेत टाळ्या सगळ्यांत शेवटी थांबवतात. पंचवीस वर्षं चंद्राबाई ती टाळी ओळखत होती.

"धन्यवाद आबा," ज्ञानेश म्हणाला. "आबांना पुढं इंदापूरला विवाहास जायचं आहे. तरी वेळेअभावी मामांचं मंगलाष्टक वाचून दाखवलं असं समजण्यात यावं, ही विनंती."

कारखान्याच्या सभेत अहवाल असाच वाचला समजतात. सभासदांना सवय होती, कुणाला काही वावगं वाटलं नाही.

चंद्राबाईच्या डोक्यात सणक गेली. आणि त्या सणकेबरोबर ओळ आली. गोंजारून, जुळवून, बोटांवर मोजून नाही, दावं तोडून आलेल्या गायीसारखी आली. तिच्या मागं दुसरी. दुसरीच्या मागं तिला एकदम चौथीतली संस्कृती दिसली. बांधावरून पडून चंद्राबाईचा उजवा हात मोडला होता. सहा आठवडे ती एवढीशी पोरगी रोज सकाळी आईला पायरीवर बसवायची, मागं उभी राहून तिची वेणी घालायची आणि मग स्वतःचं दप्तर उचलायची. हे तीन महिन्यांत एकदा आठवलं नव्हतं. 'सौख्य' शोधण्यात वेळ गेला.

ती उठली.

"वहिनी, कुठं निघालाय? अवो, नवरीच्या आईनं जायचं नसतंय! अपशकुन हुईल!"

"झालाय तो. मघाशी त्याला टाळ्या पडल्या."

भामाबाईनं पदर धरला. चंद्राबाईनं पदर सोडवून घेतला, तिच्या हातात तांब्या दिला आणि म्हणाली, "घाल पाणी. पद्धत मोडू नगंस."

आचाऱ्यांच्या चुलाणांना वळसा घालून ती स्टेजवर चढली. ज्ञानेशला वाटलं, कुणी सत्काराचं राहिलं.

"काकू, शाल संपली बघा, पण श्रीफळ..."

"माइक दे."

"काकू, यादीत..."

"दे म्हणते ना!"

त्यानं दिला. दशक्रियेलाही असा आवाज त्यानं ऐकला नव्हता. हिंदुराव खुर्चीवरून अर्धे उठले.

"अगं ए, डोकं फिरलं का? आबा बसल्यात हितं."

"दिसत्यात मला. मोठं हायत."

आबा दिलदार हसले. "बोलू द्या हो, बोलू द्या. मातृशक्ती हाय."

चंद्राबाईनं डोळे मिटले नाहीत. मंगलाष्टकाच्या चालीत, पट्टीही न चुकवता, तिनं सुरू केलं.

"माझी लेक, तिचंच नाव चुकलं, टाळ्या तरी वाजल्या..."

चाल ओळखीची, म्हणून लोकांनी सवयीनं अक्षता उचलल्या. मग शब्द पोचले आणि हात वरच्या वर राहिले. मंडपातले पंखे पहिल्यांदाच ऐकू यायला लागले.

"आबा, कागद तो खिशात ठिवुनी, ही संस्कृती, ऐकलं?"

आबांचं हसू तसंच राहिलं, आतून कुणी आवरलं नव्हतं म्हणून. त्यांनी हातातल्या पत्रिकेकडं बघितलं, मग ती घडी घातली, मग पुन्हा उघडून बघितली. व्याह्यांच्या बाजूनं कुणीतरी खोकलं.

चंद्राबाई आता पोरीकडं वळली. मध्ये अंतरपाट होता, पण पोरगी तिच्याच बाजूला होती.

"हाताला बसलं पलास्तर तवा, वेण्या तिनं घातल्या..."

संस्कृतीनं मान वर केली. मुंडावळ्या बाजूला करून ती मोठ्यानं म्हणाली, "वाकड्या घातल्या हुत्या!"

"गप. वाकड्या तर वाकड्या. तशीच बाजारला जात हुते मी," चंद्राबाई माइकवरच म्हणाली आणि पुढची ओळ तिनं अशी उचलली, की राजवर्धनच्या हातातला हार हलला.

"बाई, तू पर 'व्हय्' म्हणून नुसती राहू नको वाकुनी,
चंद्रीची मुलगी, तिलाच म्हणते, कुर्यात् सदा मंगलम्!"

मंगलाष्टकाच्या ओळी असतात चार. या पाच झाल्या. मोजायला कुणी उठलं नाही. गुरुजी तेवढे शहाणे निघाले. दोन तास उभे राहून त्यांचेही पाय भरून आले होते. मिळाली संधी म्हणून त्यांनी शेवटचं मंगलाष्टक धडाधडा म्हणून टाकलं, अंतरपाट ओढला, वाजंत्री कडाडली आणि लग्न लागलं. संस्कृतीच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं होतं आणि ती हसत होती. राजवर्धननं हार घालता घालता हळूच तिला विचारलं, "खरंच वाकड्या?" एवढं झुंबरनं ऐकलं.

आबा जेवायला थांबले नाहीत.

हिंदुरावांनी बायकोला पंगतीच्या मागं, भांड्यांच्या ढिगापाशी गाठलं. तिनं नुकतंच ताट वाढून घेतलं होतं.

"नाक कापलंस माझं! भर मांडवात!"

"तुमी टाळ्या वाजवल्या."

"सगळ्यांनीच वाजवल्या की!"

"सगळ्यांची पोरगी न्हवती ती."

"अगं, आबांच्या समोर कसं म्हणायचं, तुमचं चुकलं म्हणून? मी म्हणलं, आता आबा म्हणत्यात तर..."

"तर काय? पोरगी बदलायची?"

हिंदुरावांनी फेटा सारखा केला. मग ते बुंदीच्या टोपलीकडं बघत म्हणाले, "ते पलास्तरचं... त्या टायमाला वेणी पोरगी घालायची व्हय तुझी?"

"मग कोण, तुमी?"

"मला वाटायचं तूच घालतीस. एका हातानं."

चंद्राबाईला पुन्हा राग आला, पण हा इतका जुना होता की त्याच्यासाठी ताट खाली ठेवण्यात अर्थ नव्हता. तेवढ्यात ज्ञानेश आला. तो जरा लांबच उभा राहिला.

"काकू, आबांची चूक न्हाय हो. त्यांचा ड्रायव्हर पत्रिका गठ्ठ्यानं ठिवतो. आबा निघताना खिशात वरची घालत्यात. वरची म्हंजी आत्ताच उरकलेल्या लग्नाची. सकाळी भिगवणला गोकुळ-प्रांजलीचं हुतं."

चंद्राबाईचा घास हातातच राहिला.

"म्हंजी आता इंदापूरच्या पोरीला संस्कृती म्हणणार?"

ज्ञानेशनं याचा विचार केला नव्हता. "सराईभर तसंच चाललंय," तो म्हणाला. "टाळ्या पडत्यात म्हणून कुणाच्या ध्यानात येत न्हाय."

"पत्रिका आणा हो त्या इंदापूरच्या लग्नाची," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमाला आलीय न्हवं?"

हिंदुरावांना पत्रिका आली नाही असं व्हायचं नाही. त्यांनी पिशवीतून पत्रिका काढून दिली. मुहूर्त पाच बावन्नचा. बापाचा नंबर होता, आईचं नाव सगळ्यात खाली, बानूबाई, नंबर नाही. चंद्राबाईनं उष्ट्या हातानंच नवऱ्याचा फोन घेतला आणि नंबर दाबला. पलीकडं बापानं 'आबा निघाले का' असं विचारलं. ती म्हणाली, "निघाले. नवरीच्या आईला द्या."

बराच वेळ गेला. तिकडं ताशा वाजत होता. मग एक दमलेला आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"तुमची माझी वळख न्हाय, बानूबाई. तुमच्या पोरीचं नाव काय?"

"ऋतुजा. का वो?"

चंद्राबाईनं का ते सांगितलं. आबा काय म्हणतील, शब्द कुठले असतील, टाळ्या कधी पडतील, सगळं. पलीकडं ताशा वाजतच होता.

"मग मी काय करू?" बानूबाई शेवटी म्हणाली. आवाजातला दमलेपणा गेला होता आणि तिथं दुसरंच काही आलं होतं. चंद्राबाईनं ते लगेच ओळखलं.

"कशी हाय पोरगी?"

"गुणी हाय. सुशील..."

"ते नगं! ते आबा म्हणतील. ती करती काय ते सांगा. तिचं तिचं."

"आता काय सांगू, बाई..." बानूबाई म्हणाली. "झोपंत पाढे म्हणती. अजून. सतराच्या पाढ्याला अडकती आणि दचकून उठून मला विचारती, सतरा नव्वं किती."

"हां," चंद्राबाई म्हणाली. तिनं ताट बाजूला सरकवलं आणि ज्ञानेशच्या खिशातला पेन ओढून घेतला. "तितनंच धरा. चाल म्हाईत हाय न्हवं?"